ठरलेला पराभव

दिवाळीच्या सुटीत भुसावळला आलेल्या पुतण्याने 'फायनल फँटसी २' (१९८८) हा जुना जपानी खेळ लावला. पहिल्याच लढाईत काळ्या चिलखतांतील स्वारांनी त्याचे चारही वीर लोळवले. नव्याने सुरू केला, पुन्हा तेच. ती लढाई जिंकता येऊच नये, अशी रचलेली आहे. "काका-काकू, ही तर चीटिंग!" तो चिडला, पण शत्रूवर नव्हे, खेळ रचणाऱ्यावर.

आम्हांला खाडिलकरांचे 'कीचकवध' (१९०७) आठवले. शिकवताना आम्ही कीचकात कर्झन दाखवतो, १९१० ची बंदी सांगतो आणि पुढे सरकतो. विराटपर्वातली मूळ मेख निसटते. भरसभेत कीचक द्रौपदीला लाथ मारतो, तेव्हा भीम दुबळा नसतो. अज्ञातवासाच्या अटीने बांधलेला असतो, आणि युधिष्ठिर त्याला आवरतो. कीचक मोठा होतो तो या आवरण्यामुळे. खेळात नुसतेच बळ तोकडे पडते, म्हणून ते स्वार भयंकर वाटले तरी खुपत नाहीत. कीचक खुपतो, कारण त्याला आत्ता मारणे शक्य असते. (युधिष्ठिरात तेव्हा मवाळ पाहिले गेले, ते उगाच नव्हे.)

वर्गात आम्ही आजवर युधिष्ठिराचीच बाजू घेत आलो. दिवाळीनंतरच्या पहिल्या तासाला ती घेताना अडखळलो.