डेमेराराकाठचा एक घोट

जॉर्जटाऊन मागं टाकून डेमेरारा नदीच्या पूर्वकाठानं निघालं, की डायमंडचा रमचा कारखाना दिसण्याआधी नाकाला कळतो. आंबूस गोड वास. गुऱ्हाळात काकवी उतू जावी तसा.

आमचा रमशी पूर्वसंबंध एवढाच, की लहानपणी सर्दी झाली की फौजेतले मामा गरम पाण्यातून दोन चमचे पाजीत आणि मामी तोंड फिरवून बसत. त्यामुळं पंधरा वर्षं मुरलेली रम चाखायची, ती कशी, हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

कारखाना दाखवणारा तरुण भारतीय वंशाचा होता. त्यानं आधी नेलं ते एका भट्टीपाशी. भट्टी चक्क लाकडाची! गयानाच्या ग्रीनहार्ट लाकडाची दोन अगडबंब पिंपं आणि वर तांब्याची मान. आत वाफ सोडतात, म्हणून लाकूड जळत नाही. ही मूळची पोर्ट मोरंटच्या ऊसमळ्यावरची. १९५८-५९ च्या मोसमात कलकत्त्यात आपल्या गोलंदाजांना २५६ धावांचा प्रसाद देणारा रोहन कन्हाय त्याच गावचा!

"माझा खापरपणजाही तिथलाच," तरुण म्हणाला. कलकत्त्याहून निघालेली 'व्हिट्बी' आणि 'हेस्पेरस' ही जहाजं ५ मे १८३८ रोजी इथं लागली, आणि पुढं जवळजवळ ऐंशी वर्षं करारानं बांधलेली माणसं ऊस तोडायला येत राहिली. "त्यानं ऊस तोडला, आणि हाती आलेली मजुरी रमच्या दुकानात घातली. आमच्या घरात अजून बाटली येत नाही."

मग गोदाम. अमेरिकेत व्हिस्की ठेवून झालेली ओकची पिंपं इथं आणतात. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला दोनेक टक्के दारू हवेत उडते. इथल्या उकाड्यात पाच-सहा. पंधरा वर्षांत निम्म्याहून अधिक पिंप रिकामं! धंद्यात याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. इथले देवदूत भलतेच तहानलेले दिसतात.

शेवटी ग्लास पुढं आला. आम्ही काळ्याभोर रंगाचं कौतुक करू लागलो, तर तो हसला. रंगावर जाऊ नये, तो जळक्या साखरेनंही आणता येतो. बाटलीवरचा आकडा पाहावा. मिश्रणातली सर्वांत कोवळी रम तेवढ्या वर्षांची असते. ग्लासात नाक खुपसू नये, दारूच झोंबते. हनुवटीपाशी धरून, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यावा. घेतला. मनुका, संत्र्याची वाळकी साल, लवंग, आणि मागून आजीची जुनी लाकडी पेटी उघडावी तसं काहीतरी. लहानसा घोट जिभेवर ठेवला. आधी गोडवा, मग लाकडाचा तुरटपणा, आणि ऊब गळ्यात कितीतरी वेळ रेंगाळत राहिली. मामांचे दोन चमचे कसे थेट घशात जाऊन पेटत!

त्यानं स्वतःसाठीही थेंबभर ओतली होती. ओठांना न लावता तो ती हुंगत राहिला.

"पोर्ट मोरंट," तो म्हणाला. "आहे यात."