वास नाही, फळ नाही

निर्ण्याच्या आमच्या जुन्या घराच्या परड्यात झाडांच्या जागा माणसांनी ठरवल्या नव्हत्या, पाण्याने ठरवल्या होत्या. न्हाणीची मोरी जिथे बाहेर पडायची तिथे अळू, त्याच्यापुढे कर्दळ, आणि ओल संपत आली की गुलबक्षी. तुळशीला आणि जास्वंदीला आडाचं पाणी मिळायचं, कारण ती देवाची. पोहरा ओढणारे हात बायकांचे, म्हणून कुणाला पाणी घालायचं याचा निकालही त्यांचाच. आजीचा हिशेब सरळ होता: झाड देवाला चालावं, ताटात यावं, नाहीतर गुरांनी तरी खावं.

या घरात काकांनी हुमनाबादच्या सरकारी विश्रामगृहातून बोगनवेलीची एक फांदी आणली. आजीने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "वास न्हाई, फळ न्हाई, देवाला चालत न्हाई. ह्याला पाणी कशाला घालायचं?" काकांनी वाद घातला नाही. परड्याच्या पडक्या भिंतीतून शेजारच्या शेळ्या आत यायच्या, त्या खिंडारात त्यांनी फांदी रोवली. नंतर तिला कुणी पाणी घातल्याचं मला आठवत नाही. दोन पावसाळ्यांत तिने खिंडार काट्यांनी बुजवून टाकलं आणि येळवशीच्या सुमाराला, आम्ही बैलगाडीत आंबिलाचं मडकं सांभाळत शेताकडे निघालो तेव्हा, सगळी भिंत जांभळी झाली होती. शेजारच्या कानडी आक्का तिला 'कागदद हूवु' म्हणायच्या आणि मुलींच्या वेण्यांत घालायला नेऊन बघायच्या. तासाभरात सुकायचं, तरी न्यायच्या.

आजीच्या निकालात एक गंमत दडलेली होती, ती मला फार उशिरा समजली. पाणी घातलं नाही म्हणूनच ती वेल इतकी फुलत होती. बोगनवेलीची मुळं ताणावर गेली, जमीन कोरडी पडली की ती पानं वाढवायचं थांबवते आणि फुलांवर येते. पाणी आणि शेणखत सढळ हाताने द्या, हिरवागार पसारा होतो आणि फुलं रुसतात. फुलं तरी म्हणायची कशाला? रंग असतो तो तीन पातळ पानांना. खरी फुलं त्यांच्या मधोमध, पांढुरकी, नळीसारखी, नखाएवढी. सहसा तीन. पुढे शाळेत शिकवायला लागलो तेव्हा मुलांना भिंग देऊन ती दाखवायचो. एकालाही आधी ठाऊक नसायची.

ही वेल आपली नव्हेच, ब्राझीलची. फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल जगाची फेरी मारायला निघाला तेव्हा त्याच्या ताफ्यात कॉमर्सन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. 1767 मध्ये रिओला त्यांना ही वेल मिळाली आणि कप्तानाचं नाव तिला चिकटलं. कॉमर्सनचा मदतनीस म्हणून पुरुषवेषात जान बारे नावाची बाई जहाजावर होती. पृथ्वीप्रदक्षिणा केलेली पहिली ज्ञात स्त्री ती. वेलीला नाव तिचं द्यायला हवं होतं, असं माझं आपलं मत.

पुण्याला बहिणीकडे गेलो की जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन चुकवत नसे. पांढरी आणि गुलाबी फुलं एकाच झाडावर असलेली 'मेरी पामर' मी पुण्यातच पहिल्यांदा पाहिली. कलकत्त्याच्या बागेत 'मिसेस बट' या लाल जातीच्या एका फांदीने आपणहून रंग बदलला, त्यातून ही जात आली. कुणी संकर केला नव्हता; फांदीच्या मनात आलं. गव्हावर आयुष्य घालवलेले, 1965 मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झालेले डॉ. बी. पी. पाल यांनी विष्णू स्वरूप यांच्याबरोबर बोगनवेलीवर पुस्तक लिहिलं आहे. देशाच्या ताटाची काळजी वाहणारा माणूस न खाण्याच्या झाडात रमला, हे आजीला सांगायला हवं होतं.

निवृत्तीनंतर गावाबाहेर घर बांधलं. बाग आखायला आलेल्या मुलाने संगणकावर चित्र दाखवलं: पुढे हिरवळ, कडेला पाम, मध्ये कारंजं. चित्र सुंदर होतं, पण ते दुसऱ्या कुठल्यातरी गावाचं होतं. आमच्या शेजारच्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं. तिथून एवढ्याशा अंतरावर उन्हाळाभर रोज भिजवावी लागणारी हिरवळ लावायला मन धजेना. बहामनी सुलतानांनी बीदरच्या किल्ल्यात लाल बाग केली, पण त्यांचा पाण्याचा बंदोबस्त पाहा. जांभ्या दगडाच्या पोटातून बोगदे खोदून पाणी आणणारी नौबादची करेज पंधराव्या शतकातली, आजही बघता येते. राज्य ज्याचं होतं त्यालाही आधी पाण्याची सोय बघावी लागली.

मी त्या मुलाला न्हाणीचं आणि स्वयंपाकघराचं पाणी कुठून बाहेर पडतं ते दाखवलं आणि बाग तिथून सुरू करायला लावली. अळू, कर्दळ, गुलबक्षी, त्याच क्रमाने. फाटकाजवळ पारिजातक. कण्हेर रस्त्याच्या बाजूला, कारण ती विषारी; नातवंडं आणि वासरं जातात तिकडे नको. कोनोकार्पसला मात्र साफ नाही म्हणालो. भराभर वाढतं म्हणून सगळीकडे लावत सुटले होते, गुजरातने 2023 मध्ये त्याच्यावर बंदी घातली. पश्चिमेच्या कुंपणाला सगळी बोगनवेल.

आता रोपांना तोटा नाही. पुणे-हैदराबाद महामार्गावर मन्नाएखेळीजवळ उभं राहिलं की उरुळी कांचनकडची रोपं एका बाजूने येतात, गोदावरीकाठच्या कडियमची दुसऱ्या बाजूने. दुभाजकातही बोगनवेलच दिसते, टँकर आला तर आला. तरी विकत घेण्याआधी गावातली एखादी जुनी वेल शोधा. मृगाचा पाऊस पडला की तिची पेन्सिलीएवढी जाड, जून फांदी वीतभर कापा, खालची पानं काढा आणि मुरूम मिसळलेल्या मातीत तिरपी खोचा. काळ्या मातीत पाणी साचून ती कुजते. दिवसभर ऊन लागेल अशी जागा द्या, बहर ओसरला की छाटा. आणि मूळ धरल्यावर झारी घेऊन तिच्या मागे लागू नका. ते पाणी जास्वंदीला घाला.