गेलेला दांत

त, थ, द, ध, न, ल, स हे दंत्य वर्ण आम्हीं वीस वर्षें वर्गांत शिकविले. परंतु त्यांचें दांतांशीं असलेलें नातें आमचा पुढचा दांत गेल्यावरच आम्हांस कळलें. दांत ठणकूं लागला तेव्हां मढची खाडी ओलांडून वेसाव्यापलीकडे दंतवैद्याकडे जाण्याचा आळस, खर्चाची धास्ती आणि खरें सांगावयाचें तर भीति! लवंगेच्या तेलावर वर्ष काढलें. अखेर ओठ सुजला. दांत काढावाच लागला. दुसरे दिवशीं 'स' म्हणतांच शीळ वाजली. मुलें हसलीं, आम्हीही हसलों; पण त्या रात्रीं कौटुंबिक प्रार्थनेंत वाचन मुलीकडे दिलें.

पुढें शेजारचा दांत दुखतांच मात्र आम्ही तडक गेलों. वैद्यांनीं हिरडी बधिर करून दांतांतील कुजलेला गर काढला, मुळाची नळी स्वच्छ केली आणि झाडाच्या चिकापासून होणारा गटापर्चा भरून ती बंद केली. यासच रूट कॅनल म्हणतात. नंतर दोहों बाजूंच्या दांतांवर टोप्या चढवून मधला कृत्रिम दांत त्यांस जोडला. वेळीं वांचविलेला दांत आज गेलेल्याचा भार वाहतो आहे!

विद्यार्थिमित्रहो, दुधाचे २० दांत पडले तरी त्यांच्या जागीं नवे येतात. नंतरचे पुन्हां येत नाहींत. दुखणें आईबापांपासून लपवूं नका. 'स' आतां स्वच्छ उमटतो. पण तो उसन्या दांताचा आहे, हें आम्ही विसरत नाहीं.