हे नागठाणे नव्हे, ते नागठाणे!

पुण्याहून कोल्हापूरकडे निघालात की सातारा सोडल्यावर हायवेलाच 'नागठाणे' लागतं. बालगंधर्वांचं गाव म्हणून लगेच इंडिकेटर देऊ नका. त्यांचं नागठाणे सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. आताचा सांगली जिल्हा 1960 पर्यंत 'दक्षिण सातारा' होता, त्यामुळे गोंधळ होणारच.

कराडला हायवे सोडा आणि तासगाव रोड धरा. दुतर्फा ऊस. जवळच भिलवडी, म्हणजे तुमच्या चहात पडणाऱ्या चितळे दुधाचं गाव.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, मूळचे इथले. 1905 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, 1913 मध्ये स्वतःची गंधर्व नाटक मंडळी निघाली. स्टेजवर ते भामिनी, रुक्मिणी, सिंधू व्हायचे आणि घरोघरच्या बायका त्यांची नऊवारी कॉपी करायच्या. स्टाइल आयकॉनच म्हणा ना! नाटक रात्रभर चालायचं, कारण वन्समोअर थांबायचेच नाहीत.

मग 1931 मध्ये 'आलम आरा' आला आणि पब्लिक बोलपटांकडे वळलं. गंधर्व मंडळीवर कर्ज होतंच. 1935 मध्ये बालगंधर्व 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त उतरले. डायरेक्टर व्ही. शांताराम. आणि रोल? संत एकनाथांचा! शालूतल्या बालगंधर्वांवर जीव टाकणाऱ्यांनी दाढी-पागोट्यातले एकनाथ कसे पचवायचे? पण माझ्या मते खरी गोची वेगळीच होती. तीन मिनिटांचं गाणं त्यांना नवीन नव्हतं, त्यांच्या ग्रामोफोन रेकॉर्ड्स धडाक्यात खपायच्या. पण स्टेजवर दाद आली की त्यांचं गाणं फुलायचं, अभिनयही. कॅमेरा वन्समोअर देत नाही. 'प्रभात'शी जमलेली जोडी एका सिनेमातच फुटली.

इथून सांगली तासाभरावर. हाच जुगार वर्षभर आधी मास्टर दीनानाथ मंगेशकर खेळले होते. त्यांचं बिऱ्हाड तेव्हा सांगलीत होतं, आशा भोसलेंचा 1933 चा जन्मही इथलाच. बलवंत संगीत मंडळीने थेट सिनेमा कंपनीच काढली आणि 1934 मध्ये 'कृष्णार्जुन युद्ध' आणला. आपटला. कंपनीही सावरली नाही. 1942 मध्ये पुण्यात दीनानाथ गेले, वय अवघं 41. त्याच वर्षी घर चालवायला थोरली लता कामाला लागली. कुठे? सिनेमातच.

सांगलीत एक नाट्यगृह दीनानाथांच्या नावाचं आहे, दुसरं विष्णुदास भाव्यांच्या. भाव्यांनी 1843 मध्ये इथेच 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन. जमलं तर तेव्हाच जा, भावे पदकाचा सोहळा असतो. संध्याकाळी हरिपूरला, कृष्णा-वारणा संगमावर टेका. सोबत भडंग हवंच. आणि हेडफोन आणलेत ना? आधी 'धर्मात्मा'तलं एखादं पद लावा, मग 'स्वयंवर'ची जुनी रेकॉर्ड.