वाळूत झोपणारा मासा

न्यू जर्सीतल्या आमच्या घरात खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी आहे. 75 गॅलनची, म्हणजे साधारण 280 लिटरची. तिच्यात मऊ प्रवाळं रुळली, पॉलिप दिवसभर फुललेले दिसायला लागले आणि मग मला रॅस नावाचा मासा हवासा वाटू लागला. दुकानात विचारलं, ‘हा प्रवाळं खाईल का?’ ‘नाही,’ एवढंच उत्तर मिळालं. पण ‘रॅस’ अशीच चिठ्ठी चिकटवलेले, एकमेकांशी काडीचंही साम्य नसलेले चार मासे समोर पोहत होते. माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

रॅसच्या कुळात पाचशेहून जास्त जाती आहेत. काही बोटाएवढ्या, तर नेपोलियन रॅस दोन मीटरपर्यंत वाढतो. दुकानात वाळक्या शेवाळासारखं दिसणारं एक गोजिरवाणं पिल्लू होतं. मी त्याच्यापाशी रेंगाळले, तेव्हा सोबत आलेले आमच्या ओळखीतले काका म्हणाले, “तो नको गं. फूटभर वाढतो आणि खाणं शोधायला दगड उलथून टाकतो. तुझी प्रवाळं दगडांवरच आहेत ना?” म्हणजे प्रवाळ तोंडात न घेताही मासा ते मारू शकतो! निळापांढरा क्लीनर रॅसही त्यांनी नाकारला. समुद्रात तो इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो. घरच्या टाकीत असे गिऱ्हाईक मासे मिळणार कुठून? अशा माशाची उपासमार होते, हे ऐकून माझं मन फार खट्टू झालं.

शेवटी दोन ठरले: पिवळा हॅलिकोरिस आणि लबक्स फेअरी रॅसचा नर. पण काका म्हणाले, “आधी झाकण, मग मासा.” रॅस घाबरला की सरळ वर उसळी मारतो आणि टाकीबाहेर जमिनीवर पडतो. काचेचं अख्खं झाकण घातलं तर उष्णता कोंडते आणि हवेची देवाणघेवाण कमी होते. म्हणून चौकटीत ताणलेली, साधारण 6 मिलिमीटर छिद्रांची पारदर्शक जाळी बसवली. वायरींसाठी कोपऱ्यात ठेवलेली फटसुद्धा बुजवली, कारण एवढ्याशा फटीतूनही ते निसटतात. दिवेही एकदम न लागता हळूहळू उजळतील असे लावले.

पिवळा आधी आला. पिशवीतून बाहेर पडला, एक गिरकी घेतली आणि डोकं खाली करून वाळूत शिरला. जिथे शिरला तिथे नावालाही खळगा उरला नाही. हा मासा झोपायला आणि जीव वाचवायला वाळूतच जातो. त्यासाठी वाळू बारीक हवी, जाड खडीने अंग सोलतं. थर निदान 5 सेंटिमीटर हवा. हे सगळं माहीत असूनही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो दिसेना, तेव्हा मी कासावीस झाले. वाळू उकरून बघू का, असं विचारायला काकांना फोन लावला. “अजिबात हात लावू नकोस. कुठून आलाय तो?” इंडोनेशियाहून. तिथल्या बालीच्या आणि आमच्या उन्हाळ्यातल्या घड्याळात बरोबर 12 तासांचं अंतर. आमची दुपार ती त्याची मध्यरात्र! आई पुण्याहून आली की पहिला आठवडा पहाटे तीनला चहा टाकते, तसंच हे. काही दिवसांनी तो आमच्या दिव्यांच्या वेळेला आपणहून वर येऊ लागला.

त्याला शिकार करताना बघावं. तो एका दगडापाशी स्थिर राहतो, दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवतो, मान तिरकी केल्यासारखं अंग कलतं करतो आणि टचकन काहीतरी टिपतो. प्रवाळांवरचे चपटे कृमी तो खातो, हा टाकीचा मोठाच फायदा. पण अगदी लहान गोगलगायी आणि कोळंबीही त्याला चालतात. प्रवाळांना निर्धोक असलेला मासा टाकीतल्या सगळ्यांनाच निर्धोक असतो असं नाही, हे मला कुणीतरी दुकानातच सांगायला हवं होतं.

फेअरी रॅसची तऱ्हा निराळी. रात्री टॉर्च मारला तर तो दगडाच्या कपारीत, अंगाभोवती पातळ पारदर्शक पिशवी घेऊन पडलेला! रोग आहे असं वाटून माझ्या पोटात गोळा आला. पण झोपण्यापूर्वी तो स्वतःच्या चिकट स्रावाचा कोश विणतो आणि सकाळी तो मोडून बाहेर पडतो.

दोघांनाही दिवसातून थोडंथोडं, अनेकदा खायला लागतं. गोठवलेली मायसिस, म्हणजे कोळंबीसारखे इवले जीव, वितळवून, पाणी निथळून देते. जास्त घातलं तर नायट्रेट आणि फॉस्फेट वाढून प्रवाळं कोमेजतात, कमी पडलं तर मासे खंगतात. या दोन टोकांमध्ये माझी अजून तारांबळ उडते.

पुण्याचा मावसभाऊ विचारत होता, अशीच टाकी करू का? त्याला सांगितलं, कठीण प्रवाळं विसर. भारतात 2001 पासून त्यांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. माशांचीही मला काळजी वाटते. मालदीवचा गुलाबी फेअरी रॅस शास्त्रीय नाव मिळण्याआधीच शौकिनांच्या बाजारात पोहोचला होता. नाव मिळालं 2022 साली. म्हणून आता कुठलाही मासा घेताना तो कुठून आणि कसा पकडला, हे मी आधी विचारते.

आता फेअरीसाठी एक मादी हवी आहे. दुसरा नर घातला तर मारामारी होईल. सहा रेघांचा सिक्सलाइन तर नकोच, तो नव्या रॅसला जगू देत नाही. मादी मिळाली की तिला आधी टाकीतच टांगलेल्या, छिद्रं पाडलेल्या पारदर्शक डब्यात ठेवेन. नराने डब्यावर धडका मारणं थांबवलं की मगच, दिवे मंद करून, तिला बाहेर सोडेन.