लीळा, पाठ आणि यादी

यंत्राला जुनी मराठी शिकवायची, तर काही मजकूर शिकवणीला द्यावा लागतो, काही परीक्षेसाठी राखावा लागतो. त्यासाठी फायलींच्या प्रती काढू नयेत, त्या हलवूही नयेत. त्यांच्या नावांच्या दोन याद्या पुरतात. प्रत वाढली की एकीतली दुरुस्ती दुसरीत राहून जाते, हे पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना सांगायला नको.

तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरी म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’चा विचार करताना आम्हांला खरी अडचण याद्यांतच दिसते. एकाच लीळेचे अनेक पाठ आहेत. एक शिकवणीच्या यादीत आणि दुसरा परीक्षेच्या यादीत गेला, तर यंत्र केवळ पाठांतरावर उत्तीर्ण होईल. म्हणून एका लीळेचे सारे पाठ एकाच यादीत हवेत. ते ओळखण्याचे काम मराठी विभागाचेच.