लालबाग ते दादर : भिंतींवरची अक्षरे

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग हा मुंबईतला रस्ता कुठून कुठे जातो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. भायखळ्याहून लालबाग, परळ, हिंदमाता, दादर टी.टी. आणि तिथून पुढे सायनच्या दिशेला. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची शेवटची ट्राम धावली, पण टी.टी. हे नाव काही लोकांच्या तोंडून गेले नाही. आता लालबागच्या उड्डाणपुलावरून गाड्या सुसाट निघतात, खालच्या रस्त्याकडे बघायला कुणाला सवड आहे? मी मात्र महिन्यातल्या एखाद्या रविवारी लालबाग ते दादर पायी चालतो. आठवडाभर व्हाउचरचे आकडे जुळवून डोळे शिणलेले असतात. चालताना ते दुकानांकडे न जाता आपोआप भिंतींकडे जातात. कारण आमची पिढी वाचायला शिकली ती दोन ठिकाणी : एक म्युनिसिपालिटीच्या शाळेत आणि दुसरे या रस्त्यावर.

त्या काळी हा सगळा पट्टा गिरण्यांचा. गिरणीची कंपाउंडची भिंत म्हणजे केवढी लांब! एका टोकाला बिडीची जाहिरात, पुढे दंतमंजन, चहा, सायकलचे टायर, बनियन, छत्री, मध्येच संपाची घोषणा आणि तिच्या शेजारी नाटकाचा प्रयोग. सगळे हाताने रंगवलेले. अक्षरे पुरुषभर उंच. बोट लावून वाचावे तर एका अक्षराला दोन पावले चालावे लागे. 'दंतमंजन'मधला अनुस्वार माझ्या डोक्याएवढा होता. शाळेच्या पुस्तकातला अनुस्वार मी विसरलो असेन, तो नाही विसरलो.

ही अक्षरे लिहिणारे कोण, तर आपल्यातलेच. नायगावच्या बी.डी.डी. चाळीत आमच्या मजल्यावर एक पेंटरकाका राहत. १९२०च्या दशकात सरकारने कामगारांसाठी बांधलेल्या या चाळी, खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यातच काकांचा संसार, ब्रशांचे डबे आणि टर्पेंटाइनचा वास. भिंत रंगवायची त्यांची पद्धत ठरलेली. आधी भिंत घासून चुन्याचे दोन हात. मग निळीत बुडवलेली दोरी दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची आणि मध्ये धरून फटकन सोडायची. भिंतीवर सरळ निळी रेघ उमटे. अशा रेघांच्या चौकटीत खडूने अक्षराचा सांगाडा आणि मग रंग. हात थरथरू नये म्हणून डाव्या हातात काठी, तिच्यावर उजवे मनगट टेकवलेले. काका सातवी शिकलेले, पण ऱ्हस्व-दीर्घाला पक्के. म्हणायचे, "वहीतली चूक मास्तर बघतो, भिंतीवरची चूक अख्खं गाव बघतं."

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुष्कळांना पुन्हा आत जाता आलेच नाही. माझे वडील त्यातलेच. ज्या गिरणीच्या आत त्यांनी साचे चालवले, तिच्याच बाहेरच्या भिंतीला काकांच्या हाताखाली रोजावर चुना मारायची पाळी त्यांच्यावर आली. संध्याकाळी घरी आले की नखांत पांढरा चुना असे. ते त्याबद्दल काही बोलत नसत. आपणही जास्त बोलू नये.

भिंत वाचता न येणाऱ्यांनाही ही चित्रे कामाची होती. जाहिरातवाल्यांना ते बरोबर ठाऊक होते, म्हणून तर माल घोडा छाप, ऊंट छाप, मोर छाप नावांनी विकला जाई. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. ती पहाटे भायखळ्याच्या मंडईतून भाजी आणायची आणि चाळीच्या कोपऱ्यावर विकायची. बसमधून गाठोड्यासह उतरायचे हिंदमाताला. खूण काय, तर थिएटरवरचे भले मोठे रंगवलेले चित्र : नायकाचा लालबुंद चेहरा आणि मागे ज्वाळा. चित्रपट चालला पंचवीस आठवडे, तोवर आईचा थांबा चुकला नाही. मग एका शुक्रवारी चित्र बदलले. गर्दीत आई लाल चेहरा शोधत राहिली आणि बस थेट टी.टी.ला. एका टप्प्याचे जादा तिकीट पडले आणि डोक्यावर गाठोडे घेऊन ती उन्हातून चालत परत आली. पालक, मेथी माना टाकून बसली होती. त्या दिवशी धंदा बुडाला.

१९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले होते. आमच्याही चाळीत संध्याकाळी प्रौढांचा वर्ग भरे. आधी आई त्याला हसायची. त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी पाटी घेऊन जाऊन बसली. तिने सर्वांत आधी वाचलेला शब्द स्वतःचे नाव नव्हे, 'हिंदमाता'.

अशी थिएटरवरची चित्रे काढणे ही मोठी विद्या होती. लाकडी चौकटीवर कापड ताणून, चौकोन आखून, तुकड्या-तुकड्यांत चित्र व्हायचे. पार्श्वभूमी शिकाऊ पोरे भरत, डोळे आणि ओठ मात्र उस्तादाचे. आपल्या कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची पोस्टर्स स्वतः रंगवत. एम. एफ. हुसेन यांनी उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवूनच पोट भरले. हे चित्रकार मोठे झाले, त्यांचे नाव झाले. बाकी शेकडो जणांची नावे चित्राच्या कोपऱ्यातही नसत. या रस्त्यावर लालबागचे 'भारतमाता' मराठी चित्रपटांचे हक्काचे थिएटर. गिरणी कामगाराच्या घरात, नायगावातच वाढलेले दादा कोंडके इथल्या लोकांना कधी परके वाटले नाहीत. दादरचे 'चित्रा' २०१९मध्ये बंद पडले. 'हिंदमाता'चेही दिवस संपले. नाव मात्र चौकाला राहिले आणि ते दरवर्षी पावसात, पाणी तुंबले की, बातम्यांत येते.

हे सगळे आठवून उसासे टाकायचे काम मला मंजूर नाही. जुने ते सगळे सोने नव्हते. भिंतीवरच्या आणि पुढे टी.व्ही.वरच्या जाहिरातींतले घर कुणाचे होते? आमचे नव्हते. चाळीत एकाच खोलीत टी.व्ही., दाराबाहेरपर्यंत पोरे बसलेली. ऐंशीच्या दशकात सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजी आल्या. भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या, ठसक्यात बोलणाऱ्या. ती भूमिका करणाऱ्या कविता चौधरी २०२४ साली गेल्या. चाळीतल्या बायकांना ललिताजी फार आवडत, फक्त माझी आई म्हणायची, "तिला काय जातंय भाव पाडायला? भाजीवाल्याला विचारा." आणि मोरीत निरमाची पिशवी असे, कारण ती कितीतरी स्वस्त होती. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी १९६९मध्ये ही पावडर घरी बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली होती. गरिबाच्या खिशाचा अंदाज त्यांना होता.

त्याहून वाईट गोष्ट गोरेपणाची. क्रीम लावा, गोऱ्या व्हा, मग नोकरी मिळेल, नवरा मिळेल, हे आमच्या सावळ्या बहिणींनी रोज रात्री जेवताना पाहिले. माझी धाकटी बहीण दहावीत असताना दप्तरात त्या क्रीमची छोटी ट्यूब लपवून ठेवायची. आईच्या भाजीच्या पैशांतून घेतलेली! महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा २००३ साली अशा जाहिराती मागे घ्याव्या लागल्या आणि २०२०मध्ये 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून 'फेअर' गळाले. नाव बदलायला एवढी वर्षे लागली. लग्नाच्या यादीत मुलगी बघायला गेलेल्या आपल्या मंडळींच्या तोंडून 'गोरी' हा शब्द अजून जात नाही, हेही लिहायला हवे.

असो. परळपाशी आलो की डावी-उजवीकडे बघायची गरज पडत नाही, पाय आपोआप बी.आय.टी. चाळीकडे वळतात. खोली क्रमांक ५० आणि ५१, इथे बाबासाहेब सुमारे बावीस वर्षे राहिले. १४ एप्रिल जवळ आला की पेंटरकाका इतर सगळी कामे बाजूला ठेवत. कापडी बॅनर, कमानीचे बोर्ड, निळी अक्षरे. बाबासाहेबांचा चेहरा ते कुणा शिकाऊ पोराला रंगवू देत नसत. शेवटी चष्म्याच्या काचेत उजेडाचा एक पांढरा ठिपका द्यायचे आणि मागे सरून बराच वेळ बघायचे. त्या कामाचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत, फक्त रंगाचे घेत.

मग फ्लेक्स आला. संगणकावर फोटो टाकला की तासाभरात बॅनर तयार. दोन-तीन वर्षांतच काकांचे काम आटले. बॅनरवर आता मजकूर दोन ओळी आणि चेहरे बावीस. बाबासाहेब कोपऱ्यात आणि शुभेच्छुक भाऊ मध्यभागी, असेही बॅनर आपण पाहतो आणि गप्प बसतो. फ्लेक्सचा एक उपयोग मात्र मानला पाहिजे. पावसाळ्यात तो झोपडीच्या पत्र्यावर टाकला की पाणी गळत नाही. भाऊ उलटे पडून भिजत असतात. पण होर्डिंगचा आकार वाढत गेला, त्याचे काय? पालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची असताना घाटकोपरला सुमारे १२० फुटांचे धूड उभे राहिले आणि १३ मे २०२४च्या वादळात पेट्रोल पंपावर कोसळले. सतरा माणसे गेली. भिंतीवरची जाहिरात कुणाच्या अंगावर पडल्याचे मी ऐकले नाही.

बी.डी.डी. चाळीही आता जात आहेत. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नायगावातही काम सुरू आहे. घर मोठे होतेय, याचा आनंदच आहे. १६० चौरस फुटांत नऊ माणसे झोपलेली मी पाहिली आहेत.

आम्ही चालवतो त्या अभ्यासिकेला गेल्या वर्षी बोर्ड हवा होता. पोरांनी फ्लेक्सचा भाव आणला. मी पेंटरकाकांना विचारले. वय पंचाहत्तरच्या पुढे, हात थोडा कापतो, पण काठी टेकवली की थांबतो. निळीची दोरी धरायला आठवीतल्या दोन मुली पुढे आल्या. पहिल्यांदा दोरी ढिली सुटली आणि रेघ वाकडी आली. काकांनी ओल्या फडक्याने पुसून पुन्हा धरायला लावली. दोन दिवस लागले. 'अभ्यासिका'तली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, यावर मुलींची आणि त्यांची अर्धा तास चर्चा झाली. या खेपेला काकांनी मजुरी घेतली, रोख मोजून, आणि रंगाचे पैसे वेगळे.